साडूंनी न दिलेली फांदी

हेवा करण्याच्या बाबतीत माझ्या साडूंची बरोबरी करील असा माणूस रायपुरात तर नाहीच, पण अख्ख्या छत्तीसगढात आणि वर विदर्भातही सापडणार नाही. आणि चुकून सापडलाच, तर साडू त्याचाही हेवा करतील. साधारण माणसं दुसऱ्याच्या बंगल्यावर, बढतीवर, फार तर सुनेवर जळतात. साडूंना असलं ठोकळेबाज जळणं कधी जमलंच नाही. त्यांच्या पाटबंधारे खात्यातल्या एका सहकाऱ्याच्या पित्ताशयातून खडा निघाला आणि डॉक्टरांनी तो बाटलीत घालून दिला, तेव्हा साडू आठवडाभर खिन्न होते, कारण त्यांचा स्वतःचा खडा औषधानेच विरघळून गेला होता आणि दाखवायला काही उरलं नव्हतं. कोणाच्या अंत्ययात्रेला गेले तर मागे वळून वळून गर्दीचा अंदाज घेत आणि हळूच माझ्या कानाशी येत, "आपल्याले येतीन का इतके?" आणि रायपूर राजधानी झालं त्या दिवशी शहरात फटाके फुटत असताना यांनी पहिलं काम काय केलं, तर नागपूरच्या चुलतभावाला फोन लावला. नागपूर एके काळी राजधानी होतं या गोष्टीचा साडूंच्या घराण्याला पिढ्यान्‌पिढ्या सल होता. भोसल्यांच्या काळात त्यांचे पूर्वज नागपूरहून येऊन रायपूरच्या ब्राह्मणपाऱ्यात राहिले, ते बहुधा या सलासकटच आले असावेत. "तुमची गेली, आमची आली," एवढंच बोलून त्यांनी फोन ठेवला आणि शांतपणे दोन पुरणपोळ्या खाल्ल्या.

ते माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे, म्हणजे ताईंचे, यजमान. साडू हे नातंच मुळात तुलनेसाठी निर्माण झालेलं आहे, आणि आम्ही दोघंही एकाच शहरात, त्यामुळे सासरच्या मंडळींना तराजू दूर न्यावा लागत नसे. धोंड्याच्या महिन्यात आम्हा दोन्ही जावयांना यवतमाळला बोलावणं असायचं. तिथे साडू आधी माझ्या ताटातले अनारसे निरखायचे, मग स्वतःचे, आणि माझ्या अनारशांना जाळी जास्त पडली आहे असं त्यांचं दरवेळी मत होई. मीही काही संत नव्हतो. माझ्याकडे फक्त तोंडावर न दाखवण्याची कला होती. साडूंचा हेवा मात्र भुकेसारखा होता, वेळेवर लागायचा, उघडपणे सांगितला जायचा, आणि त्यात कोणाचं वाईट व्हावं अशी इच्छा कणभरही नसायची. दुसऱ्याचं जावं असं त्यांना कधी वाटलं नाही, फक्त आपल्याकडेही असावं आणि थोडं जास्त असावं.

एका गोष्टीत मात्र मी त्यांच्या पुढे होतो, ती म्हणजे बाग. माझं घर शहराच्या बाहेरच्या अंगाला, लाल मुरमाड जमिनीवर. इकडे तिला भाठा म्हणतात. त्या मातीला मी आयुष्यभर शिव्या दिल्या, तरी हट्टाने कुंड्यांत गुलाब केले, मोगरा केला, शेवंती केली. नात्यातल्या कोणत्याही बाईला पूजेला फुलं हवी असली की निरोप माझ्याकडे यायचा. साडूंच्या अंगणात तोवर तुळस आणि एक वैतागलेली जास्वंद, एवढंच होतं. मी त्यांना फुलांची परडी नेऊन देई तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर जे काही उमटे, ते पाहण्यासाठीच मी परडी मोठी नेत असे.

मग आम्ही चौघं पचमढीला गेलो. ज्या विश्रामगृहात उतरलो होतो त्याच्या कुंपणालगत हायड्रेंजियाचा ताटवा होता, पुरणपोळीच्या डब्याएवढे निळे गोल गेंद, पानांवर टेकून बसलेले. साडूंची ती भूक खवळली. माळी भला माणूस होता. त्याने मागितल्याबरोबर एक चांगली फांदी कापून, ओल्या कागदात गुंडाळून, कशी लावायची ते सांगून हातात दिली. साडूंनी त्याचे मनापासून आभार मानले आणि मला बाजूला घेऊन सांगितलं की मी जरा माळ्याशी पावसापाण्याच्या गप्पा माराव्यात. मी मारल्या. तेवढ्यात त्यांनी कुंपणामागे जाऊन दुसरी एक फांदी मोडली आणि ओल्या रुमालात लपेटून दाढीच्या सामानात दडवली. रायपुरात आल्यावर दोन्ही फांद्या शेजारी शेजारी लावल्या. माळ्याने दिलेली काळी पडली. चोरलेलीला पालवी फुटली. चोरलेलं रोप लागतं हे आपल्याकडे सगळ्याच बायका म्हणतात, पण साडूंनी ते वेदवाक्य करून टाकलं. "मागून आणलेली फांदी उपकाराखाली दबते, साडूभाऊ," ते मला म्हणाले, "चोरलेलीले जगावंच लागते."

मी मनात म्हटलं, येऊ दे मे महिना. ज्या गावात मेमध्ये माणसांची पानं करपतात तिथे हे डोंगरातलं नाजूक झाड काय तग धरणार? पण साडूंनी मे महिन्याची तयारी होळीपासूनच सुरू केली होती. मागच्या व्हरांड्यात त्यांनी खसच्या ताट्यांचा एक दणकट कूलर आणून बसवला आणि त्याचं तोंड कुंडीकडे केलं. घरातला कूलर जुना, खडखडणारा, त्याच्यासमोर ताई आणि पाहुणे. नवा कूलर झाडाचा. उन्हाळ्यात त्यांच्याकडे गेलो की आम्ही सगळे हळूहळू खुर्च्या सरकवत त्या कुंडीच्या आजूबाजूला गोळा व्हायचो, आणि साडू कडेने फिरत सांगायचे की सरकून बसा, त्याची हवा अडते. ताईंनी त्या झाडाला पहिल्या दिवसापासून गोबी, म्हणजे फ्लॉवर, म्हटलं. "मी तापानं फणफणली तवा हा कूलर हलवला नाही यांनी," त्या म्हणत, "आन्‌ गोबीचं पान वाकलं तं रातभर कूलरच्या टाकीत पाणी भरून राहिले." हे त्या तक्रारीच्या सुरात सांगत, पण दुपारी त्या झाडाशेजारीच चटई टाकून झोपत.

राजधानी झाल्यावर शहराला अंगाबाहेर वाढ आली. भोपाळहून साहेब आले, साहेबांमागे कंत्राटदार आले, आणि साडूंच्या घराच्या पश्चिमेला जो मोकळा प्लॉट होता तिथे चार मजली इमारत उभी राहू लागली. सगळी गल्ली चिडली. उजेड जाणार, वारा जाणार, म्हणून अर्ज झाले, सह्या झाल्या. साडूंनी सही केली नाही. ते रोज सकाळी त्या बिल्डरकडे जाऊन विचारत की पाचवा मजला घेता येतो का. आपल्या अंगणात दुपारी तीनला सावली नेमकी कुठे पडेल याचा त्यांनी खडूने आराखडा काढला होता. शेजाऱ्यांना वाटलं यांना एक फ्लॅट कबूल झाला असणार. खरं तर त्यांना फक्त त्या भिंतीची सावली हवी होती, आणि ती मिळाल्यावर त्यांनी बिल्डरला घरी बोलावून आंब्याचं पन्हं पाजलं.

झाड जगलं, वाढलं, आणि एका फाल्गुनात त्याला गेंद आला. गुलाबी. माझ्या जिवात जीव आला. कोणीही त्याला सुंदर म्हटलं असतं, पण साडूंनी पचमढीचा निळा पाहिला होता, आणि त्यांना निळाच हवा होता. कोणीतरी त्यांना सांगितलं की हा सगळा माती-पाण्याचा खेळ आहे, आपल्या बोअरचं पाणी चुन्याचं, घरची माती काळी, म्हणून फूल गुलाबी. आंबट माती द्या, निळं येईल. झालं. घरातली तुरटी कुंडीत जाऊ लागली, इतकी की दाढी करताना कापलं तर साडूंना रक्त थांबवायला काही उरत नसे. पावसाचं पाणी पिंपांत भरून ठेवलं गेलं. झाड पावसाचं पाणी पिई आणि साडू बोअरच्या पाण्याने आंघोळ करून पांढरे डाग पडलेल्या कानांनी हिंडत. भनपुरीच्या लोखंडाच्या कारखान्यांबाहेरून त्यांनी गंजके तुकडे वेचून आणले आणि कुंडीत पुरले. फूल जांभळट झालं, मग परत गुलाबी. शेवटी त्यांना कळलं की भाठ्याची माती आंबट असते, आणि त्यांना माझ्या घराची आठवण झाली.

म्हणजे ते येत आधीही, पण आता फार येऊ लागले. चहा झाला की "जरा मांगं हवा खाऊन येतो" म्हणत आणि हातात कापडी पिशवी घेऊन परसात जात. परतताना पिशवी जड असे आणि बोटांना लाल माती लागलेली असे. माझ्या बायकोने खिडकीतून पाहिलं, त्यांना जमीन उकरताना. आम्ही खूप हसलो. ज्या मातीने माझे गुलाब कधी मनासारखे होऊ दिले नाहीत ती कोणी चोरून नेत असेल तर माझं काय जातं? मागितली असती तर मी स्कूटरवर पोतं भरून दिली असती. पण त्यांनी कधी मागितली नाही आणि मीही कधी देऊ केली नाही.

पुढच्या चैत्रात फूल निळं आलं. असं निळं की शाईच्या दौतीत बुडवून काढावं. त्यातच ताईंनी चैत्रगौरीचं हळदीकुंकू ठेवलं होतं, आणि व्हायचं तेच झालं. पार लांबच्या गुढियारीपासून आलेल्या बायका गौरीला हात जोडून थेट मागच्या व्हरांड्यात. आंब्याची डाळ ताटल्यांत तशीच, आणि सगळ्या झाडाभोवती. मी त्या दिवशी गौरीसाठी मोगऱ्याचे गजरे घेऊन गेलो होतो, भरपूर, नेहमीच्या मोठ्या परडीत. ती परडी दारातल्या चपलांच्या बाजूला संध्याकाळपर्यंत पडून होती. साडू माझ्याकडे पाहत होते, आणि त्यांना हवं ते माझ्या चेहऱ्यावर पुरेपूर दिसलं असणार, कारण मी त्या दिवशी काहीच लपवू शकलो नाही. मी जळलो. घरी येऊन माझ्या गुलाबांना पाणी घालावंसं वाटेना. एवढ्या वर्षांची माझी फुलवेड्याची इभ्रत एका गोबीने नेली होती, आणि ती गोबी माझ्याच मातीत उभी होती.

त्या दिवसापासून मला त्या झाडाची एक फांदी हवी होती. एवढी साधी गोष्ट. पावसाळ्यात कोवळी, न फुललेली फांदी घ्यायची, खालची पानं काढायची, वाळूत खोचायची. माझ्या बायकोने एकदा बहिणीच्या नवऱ्याकडे हक्काने मागितली. साडूंनी सरळ मान हलवली. "देत नाही. देल्लं रोप लागत नाही." हिला राग आला. मला तर आला होताच. शहरात एकुलतं एक झाड, मेमध्ये वीज गेली की मरणाच्या दारात जाणारं, आणि हा माणूस एक काडी तोडून देत नाही. कंजूषपणालाही काही हद्द असते असं आम्ही दोघांनी ठरवून टाकलं. स्वतःहून पुन्हा मागायचं नाही अशी मी शपथ घेतली.

पण जाणं काही सुटलं नाही. उलट साडूंचं बोलावणं वाढलं, विशेषतः पावसाळ्यात. रविवारी जायचं, ते मला मागच्या व्हरांड्यात नेऊन झाडासमोर खुर्ची द्यायचे आणि म्हणायचे, "बसा तुम्ही त्याच्यापाशी. मी चहाचं पाहून येतो." या माणसाने आयुष्यात कधी चहा केला नव्हता. ताई घरातच असायच्या. तरी हे आत जात आणि बराच वेळ येत नसत. मी तिथे एकटा, समोर ते झाड, शेजारच्या स्टुलावर फांद्या छाटायची कात्री, कधी तर ओला रुमालसुद्धा. मला वाटे हे सगळं मला तळमळवण्यासाठी चाललं आहे. बघ, भरपूर बघ, आणि जळ. मी हाताची घडी घालून बसायचो आणि त्या कात्रीकडे पाहायचंही टाळायचो. साडू चहा न घेताच बाहेर यायचे, आधी झाडाकडे पाहायचे, मग माझ्याकडे, आणि त्यांचा चेहरा पडायचा. माझ्या चेहऱ्यावर पुरेसं जळणं दिसलं नाही म्हणून पडत असेल, अशी मी समजूत करून घेतली. असे कितीतरी पावसाळे गेले.

मग त्यांच्या मुलाने आईवडिलांना बंगळूरला बोलावलं. ताईंचे गुडघे गेले होते, साडूंच्या छातीत दोनदा कळ आली होती, आणि मुलगा फोनवर हिंदीत समजावून समजावून थकला होता. दिवाळीनंतर जायचं ठरलं, घर भाड्याने द्यायचं. झाड विमानात नेता येत नाही. त्या श्रावणात मी गेलो तेव्हा पुन्हा तेच, खुर्ची, स्टूल, कात्री, आणि साडू चहाचं पाहायला आत. मी हाताची घडी घालून बसलो. या वेळी ते फार लवकर बाहेर आले. झाडाकडे पाहिलं. माझ्याकडे पाहिलं. आणि मग असे बोलले की मी त्यांना त्याआधी कधी तसं बोलताना ऐकलं नव्हतं.

"काहून नेत नाही तुम्ही?" त्यांनी कात्रीकडे बोट केलं. "किती वर्सं झाले मी आत जाऊन तिथं भिंतीले तोंड करून उभा राहून राहिलो. कात्री ठेवतो. रुमाल ओला करून ठेवतो. तुमची माती नेली मी, तवा मले वाटलं तुम्ही समजून घ्यान. एकच झाड हाय हे. मेलं तं कोणाच्याच घरी नाही राहत."

 मी विचारलं की मग दिली का नाही. ते माझ्याकडे असे पाहत राहिले की जणू मी पाढे विसरलेला मुलगा आहे. "देल्लं लागत नाही न, साडूभाऊ. माळ्यानं देल्लेली मेली, तुमच्याच समोर. तुमची मेली असती तं?" आणि मग खाली बघत, "अन् तुमच्या इथं तं ती भाठ्यात लागली असती. मी पिशव्या भरभरून थकलो, तुम्ही त्याच मातीवर चपला घालून फिरता. मले झोप नाही येत कधीकधी त्याच्यापायी."

मी उठलो. साडूंनी चटकन पाठ फिरवली आणि चार मजली इमारतीकडे तोंड करून उभे राहिले, हात मागे बांधून, आणि मोठ्यांदा, जणू माळ्यालाच सांगत असावेत तशा आवाजात, यंदा पाऊस बरा आहे असं म्हणाले. आतून ताई विचारत होत्या की चहा कोणी ठेवला आहे का नाही. मी हायड्रेंजियाची एक फांदी कापली. आतून कोणी येतंय का ते वळून पाहिलं, आणि मला खरंच चोरी केल्यासारखं वाटलं. रुमालात गुंडाळून मी ती खिशात घातली. साडू वळले तेव्हा त्यांनी झाडाकडे पाहिलंच नाही. मला चहाला आत घेऊन गेले, आणि कपात साखर कमी आहे म्हणून ताईंवर उगाच रागावले.

पुढच्या मे महिन्यात भाडेकरूंनी व्हरांड्यातला कूलर आत घेतला, माणसांसाठी, आणि त्यात त्यांची काय चूक होती? झाड दोन दिवसांत गेलं. मी फोन करून साडूंना ते सांगितलं. मग त्यांनी बंगळूरची तक्रार सुरू केली. तिथे म्हणे हायड्रेंजिया सिग्नलवर विकतात. सोसायटीच्या फाटकात दोन्ही बाजूंना लावलेले आहेत, निळे, ढिगाने, आणि एकही माणूस थांबून बघत नाही. "इथं कोणी जळतच नाही हो," ते म्हणाले. त्या आवाजातला एकटेपणा मला आजही ऐकू येतो.

माझ्या भाठ्यातल्या फांदीला दुसऱ्या वर्षी चैत्रात गेंद आला. मी तुरटी घातली नव्हती, गंजकं लोखंड पुरलं नव्हतं, फक्त परसातल्या आंब्याखाली लावून खसची एक ताटी आडवी बांधून उन्हाळाभर ओली ठेवली होती. निळा आला. साडूंच्यापेक्षा जास्त निळा, हे मी शपथेवर सांगेन. बायकोने फोटो काढून पाठवला, पण मला ते फोनवर सांगायचं होतं. तिकडून पहिला प्रश्न आला, तुरटी किती घातली? मी म्हटलं, काहीच नाही.  मग त्यांचा तो जुना, जळका, तृप्त आवाज आला. पावसाळ्यात रायपूरला येतो, म्हणाले. "मी आलो की तुम्ही आत चहा ठेवायले जाजा. घाईघाईनं बाहेर नका येऊ."

डॉक्टर त्यांना प्रवासाची परवानगी देत नाहीत. तरी पाऊस चांगला लागला की मी एका रविवारी खुर्ची परसात नेतो, स्टुलावर कात्री ठेवतो, रुमाल ओला करतो, आणि आत जाऊन स्वयंपाकघरात भिंतीकडे तोंड करून थोडा वेळ उभा राहतो.  बाहेर येऊन मी आधी झाडाकडे पाहतो. सगळ्या फांद्या जागच्या जागी असतात, आणि मला फार वाईट वाटतं.